सातवं वळण

"गिअर टाक," मागून हिंदुराव म्हणाला.

"टाकलाय."

"न्हाई टाकलास. आवाज आला न्हाई."

मी गिअर टाकला. चेन खडखडली, दातांवर बसली आणि सायकल जरा हलकी झाली. मागून "हां" आलं. शिकाऊ ड्रायव्हरनं पहिल्यांदा धड वळण घेतल्यावर शेजारच्या माणसानं म्हणावं, तसं ते "हां" होतं.

भैरोबाच्या डोंगराचा घाट नुकता सुरू झाला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. फेब्रुवारी सरत आला होता आणि ऊन एवढ्यातच मानेवर बसायला लागलं होतं. इलाही आणि प्रभाताई आपापल्या सायकलींवरून केव्हाच पुढं गेले होते. पहिल्या वळणापर्यंत त्यांचं बोलणं कानावर येत होतं, मग तेही बंद झालं. राहिलो आम्ही दोघं, एकाच सायकलवर.

"आता डाव्या अंगाला खडी असंल. उजवीकडनं घे."

खडी होती. मी उजवीकडून घेतलं. त्याचं चुकलं असतं तर मला निदान काही बोलता आलं असतं. पण तो चुकायचा नाही, हाच तर त्रास होता.

हिंदुराव नलवडेला दिसत नव्हतं. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत काचबिंदूनं त्याची नजर थोडी थोडी करत नेली. शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. त्याआधी चौतीस वर्षं त्यानं एसटी चालवली होती. चैत्रात भैरोबाच्या यात्रेला मिरजेहून जादा गाड्या सुटायच्या, त्यातली पहिली गाडी त्याची असायची. त्यामुळं ह्या घाटातला दगड न् दगड आपल्या ओळखीचा आहे, असं तो म्हणायचा.

गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची आहे. आता आम्ही दोघंही सायकलवर बसत नाही, त्याच्या घरासमोरच्या कट्ट्यावर बसतो. त्या सकाळबद्दल आम्ही परत कधी बोललोही नाही. पण माझ्या मनातून ती गेलेली नाही.

आम्ही चौघं मिरजेतले. मी जिनपाल आरवाडे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. इलाही मुजावर सूतगिरणीत फिटर. प्रभाताई कुलगुडे मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. साठी उलटली तरी त्यांची शिट्टी गळ्यातच असायची. आणि हिंदुराव. नोकऱ्या संपल्यावर दर रविवारी सकाळी सहाला आम्ही तळ्याच्या काठावर जमायचो आणि निघायचो. कधी म्हैसाळचा बंधारा, कधी हरिपूरचा संगम, कधी नुसतंच उसाच्या रानातून कुठंतरी. थंडीत एखादं गुऱ्हाळ लागलं की काहिलीतला गरम गूळ पळसाच्या पानावर घ्यायचा आणि बोटं भाजत खायचा. हरभरा आला की ओळखीच्या रानात बांधावर बसून डहाळे सोलायचे. इलाही त्याच्या बायकोनं दिलेल्या खव्याच्या पोळ्या काढायचा आणि मला म्हणायचा, "आरवाडे साहेब, ह्यात कांदा न्हाई, बिनघोर खावा." चहाच्या टपरीवर तासभर गेला तरी कुणी घड्याळ बघायचं नाही. आयुष्यभर घड्याळच बघितलं होतं सगळ्यांनी.

नजर गेल्यावर हिंदुरावनं यायचं सोडलं. तीन महिने आम्ही तिघंच जात होतो आणि तिघांनाही ते गोड लागत नव्हतं. मग इलाहीनं भंगारातून दोन सायकली उचलल्या, कापल्या, एकीला दुसरी जोडली, वेल्डिंग केलं, कुठून तरी तीन गिअर मिळवून बसवले आणि एका रविवारी ती लांबलचक जोडसायकल तळ्यावर आणून उभी केली. दोन सीट, दोन हँडलं, पेडलच्या दोन जोड्या. मागच्या हँडलला ब्रेक नव्हता.

"पुढं कोण बसणार?" प्रभाताईंनी विचारलं.

इलाहीची कंबर गेलेली. प्रभाताईंचे पाय त्या सीटवरून जमिनीला टेकायचे नाहीत. मला कुणी विचारलंच नाही. इलाहीनं पुढची सीट माझ्या उंचीची करूनच आणली होती.

पहिले दोन रविवार मला बरं वाटलं. लोक वळून बघायचे, हात करायचे. तिसऱ्या रविवारपासून जड व्हायला लागलं. मी तीस वर्षं कालव्याच्या भरावावरून एकट्यानं सायकल मारलेला माणूस. बरोबर पाण्याचा आवाज आणि फार तर एखादा बगळा. बोलायची सवय मला लागलीच नाही. आणि हिंदुराव मागं बसून सारखा विचारायचा, "काय दिसतंय?"

"ऊस."

"तोड चालू हाय?"

"हो."

"गाड्या लागल्यात का ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर."

"किती?"

"हिंदुराव, मी रस्त्याकडं बघू का ट्रॅक्टर मोजू?"

थोडा वेळ गप्प बसायचा. मग परत, "आता?"

"ऊस."

वर्षभर हे असं. त्यातून मला एक संशय यायला लागला होता. जोडसायकलवर दोघांचे पाय एकदमच फिरतात, चेनच तशी असते. त्यामुळं मागचा माणूस जोर लावतोय का नुसतेच पाय ठेवून बसलाय, हे पुढच्याला कळत नाही. चढ आला की मला वाटायचं, सगळं ओझं मीच ओढतोय.

दिवाळीपासून त्यानं एकच लावून धरलं होतं. एकदा भैरोबाला जाऊ. मी आज पाऊस, उद्या गुडघा, परवा पाहुणे, असं करत चार महिने काढले. शेवटी प्रभाताईंनी तळ्यावर शिट्टी फुंकून जाहीर केलं, पुढचा रविवार भैरोबाचा.

तो रविवार निघाला तोच वाकडा. खैरवाडीजवळ बाभळीच्या काट्यानं मागचं चाक बसलं. इलाहीनं पंक्चर काढलं, त्यात अर्धा तास गेला. पुढं समोरून वारा लागला. मग चेन पडली. प्रत्येक वेळी मी काही बोलायच्या आत मागून हिंदुराव सांगायचा काय बिघडलंय ते. माझा उजवा गुडघा घाटाच्या पायथ्यालाच कुरकुरत होता. मी म्हणालो नाही कुणाला. घाट होऊ दे, वर बसू, असं ठरवलं.

चौथ्या वळणाला गुडघ्यात सुई टोचल्यासारखं झालं.

"हितं गाडी जरा बाहेरनं काढायची," हिंदुराव म्हणाला. "आतनं घेतली की दम मोडतो."

"ही एसटी नाही."

"चढ त्योच हाय."

"चढ मला दिसतोय."

"तसं न्हाई म्हणत मी. तू आतनं घेतलीस म्हणून..."

"हिंदुराव," मी म्हणालो, "सांगायचं काम तू घेतलंयस आणि ओढायचं मी. तू जोर तरी लावतोयस का? का नुसता बसलायस मागं?"

पाचवं वळण गेलं. सहावं गेलं. मागून ना गिअर, ना खडी, ना "काय दिसतंय". सायकल मात्र एकदम जड झाली, दगड बांधल्यासारखी. मी पेडलवर उभा राहून ओढत होतो, घाम डोळ्यात जात होता आणि मला त्याचा एवढा राग आला होता की त्या रागावरच मी सातव्या वळणापर्यंत गेलो. तिथं रस्ता थोडा सपाट होतो. कडेला एक खैराचं झाड, त्याला गंजलेला एक पत्र्याचा बोर्ड, खाली दरी. मी ब्रेक दाबला आणि पाय टेकले.

"आलं?" हिंदुरावनं विचारलं.

मी त्याला "थांबलोय" म्हणू शकलो असतो. "गुडघा गेलाय माझा" म्हणू शकलो असतो. इतकं सोपं होतं.

"आलं," मी म्हणालो.

तो एक क्षण तसाच बसून राहिला. मग पाय खाली घेतला, सायकलला हात लावत बाजूला झाला आणि खाली वाकून चपला काढल्या.

"पायऱ्या कुठल्या अंगाला?"

तेव्हाही खरं सांगता आलं असतं. पण एकदा निघालेला शब्द मागं घ्यायला जे लागतं, ते त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. "गाभारा बंद आहे," मी म्हणालो. "रंगकाम चाललंय. बांबू लावलेत सगळीकडं."

"अस्सं. मग हितनंच हात जोडतो. तोंड फिरव माझं."

मी त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवलं. त्याच्यासमोर खैराचं झाड होतं. त्यानं टोपी काढून काखेत धरली, हात जोडले, डोळे मिटले. न दिसणारे डोळे त्यानं मिटले. मी बाजूला उभा राहून बघत होतो. खैरावर एक होला बसला होता, तो उडून गेला.

हात खाली घेऊन त्यानं टोपी घातली आणि दरीच्या वाऱ्याकडं तोंड केलं.

"वरनं बरंच दिसत असंल न्हाई?"

आणि मग मी बोलायला लागलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून खोटं गेलं होतं, ते झाकायला बहुतेक आणखी लागत होतं. मिरजेची पाण्याची टाकी दिसतेय, मी म्हणालो. तिच्या उजव्या हाताला दर्ग्याचा घुमट, उन्हात पांढरा झालाय. स्टेशनात एक मालगाडी उभी आहे, डबे तांबडे आहेत. रूळ चकाकतायत. पलीकडं नदीची रेघ, तिच्यावर धुकं अजून हललेलं नाही. अलीकडं रानं, एक तुकडा हिरवा, एक पिवळा, एक नांगरलेला, काळाभोर. नांगरटीमागं बगळे चाललेत, पांढरे ठिपके. खैरवाडीत एका घरातून धूर निघतोय, सरळ वर जातोय, म्हणजे खाली वारा पडलाय. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून निघाली आहे, तिच्या मागं कुत्रं आहे.

सातव्या वळणावरून मिरज दिसत नाही. मधे डोंगराचीच सोंड आलेली आहे. बाईही नव्हती आणि कुत्रंही नव्हतं.

हिंदुराव मान किंचित वाकडी करून ऐकत होता. मधेच विचारलं, "पाटीत काय हाय?"

"भाकरी असतील. फडकं झाकलंय. लाल."

"हं," तो म्हणाला आणि हसला. मोठं, सुखाचं हसू होतं ते. वर्षभरात मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं.

तेवढ्यात वरून ब्रेकचा आवाज आला. प्रभाताई उतारानं खाली येत होत्या, त्यांच्यामागं इलाही. आम्हाला बघून त्यांनी पाय टेकला.

"अहो आरवाडे! इथं काय करताय तुम्ही? आम्ही वर पाऊण तास वाट बघतोय. गुरवानं चहासुद्धा..."

आता त्या विचारणार, इथंच का थांबलात. आणि हिंदुरावच्या समोर सगळं उघडं पडणार.

"माझ्या पोटरीत गोळा आला, प्रभाताई," हिंदुराव म्हणाला. त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाला. "ह्यो म्हणत हुता जाऊया हळूहळू. मीच न्हाई म्हणलं. आज सातव्या वळणावरच राहू दे. हितनंच हात जोडलं."

तो "सातव्या वळणावर" म्हणाला.

"अरेरे," प्रभाताई म्हणाल्या. "चोळलं का? इलाही, तुमच्याकडं ते तेल आहे ना?"

इलाही खाली बसून त्याची पोटरी चोळायला लागला. हिंदुरावनं ती चोळून घेतली. "हितं... जरा खाली... हां," म्हणत. मी सायकल धरून उभा होतो. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं.

खाली खैरवाडीच्या हॉटेलात आम्ही भजी खाल्ली. म्हणजे त्यांनी खाल्ली, मी नुसता चहा घेतला. हिंदुराव भलताच रंगात होता. यात्रेच्या गाडीत एकदा टपावर बकरं निघालं आणि ते कंडक्टरनं कसं उतरवलं, ती गोष्ट त्यानं हावभावासकट सांगितली. प्रभाताई डोळे पुसत हसत होत्या. मला त्याला एकट्याला गाठायचं होतं आणि तो उठायलाच तयार नव्हता. दुसरा चहा मागवला. मग तिसरा. मी बशी टेबलावर आपटली तशी इलाहीनं माझ्याकडं बघितलं.

"साहेब, गुडघा दुखतोय काय?"

"नाही," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर ते दोघं पुढं गेल्यावर मला तोंड फुटलं. जोडसायकलचं एक आहे. मागच्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, पुढच्याला मागच्याचं. त्या दिवशी आम्हा दोघांनाही तेच बरं पडलं.

"तुला कळलं होतं," मी म्हणालो.

"अकरा वळणं हायत. तू सात घेतलीस."

"लगेच कळलं?"

"मर्दा, मी मोजतच बसलो हुतो. दुसरं काय काम हुतं मला? आणि वर घंटी असती. वाऱ्यानं सुदिक वाजती ती."

"मग बोलला का नाहीस?"

मी दोनदा विचारलं. एक उसाचा ट्रॅक्टर मागून आला, त्याला वाट दिली, पाचट अंगावर उडालं.

"बोलला का नाहीस, हिंदुराव?"

"तू बोलाय लागलास न्हवं," तो म्हणाला. "वरीसभरात पहिल्यांदाच. म्हणलं, बोलू दे."

तेव्हा शरम वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी रागच आला. हा माणूस मला शिव्या देईना, ओरडेना, चूक माझी असून त्याचं ओझं माझ्याकडून काढून स्वतःच्या पोटरीवर घेतो, हा कुठला न्याय?

"मग हात कशाला जोडलेस त्या झाडाला?"

"झाड हुतं व्हय?" तो म्हणाला. "हात जोडलं नसतं तर तुला समजलं असतं, मला समजलंय म्हणून."

मग मी विचारलं, "एक खरं सांग. चढावर जोर लावत होतास का नाही?"

"चौथ्या वळणापर्यंत लावत हुतो. बक्कळ लावत हुतो. तू म्हणलास, नुसता बसलायस. मग म्हणलं, बसून दाखवतो एकदा."

मला हसू आलं असतं, पण तो पुढं म्हणाला, "ते जाऊ दे. माझ्या इचारण्याचा तुला तरास व्हतो, हे मला आधीच उमगाय पायजे हुतं. ड्रायव्हरला बोलायचं न्हाई, अशी पाटी मीच चौतीस वर्षं डोक्यावर लावून गाडी मारली. आता न्हाई इचारत."

"तसं नाही रे."

"न्हाई इचारत," तो शांतपणे म्हणाला.

आणि त्यानं खरंच विचारलं नाही.

पुढच्या रविवारी म्हैसाळला गेलो. सगळ्या वाटेत त्यानं एकदाही "काय दिसतंय" म्हटलं नाही. खडी सांगितली नाही, गिअर सांगितला नाही. जोर मात्र लावला. आता मला तो फरक कळत होता. जे मला वर्षभर हवं होतं तेच मला मिळालं होतं, आणि सायकल चालवणं इतकं नकोसं मला कधीच झालं नव्हतं. न राहवून मी आपणहून म्हणालो, "उसाला तुरे आलेत."

"बरं."

"बंधाऱ्यावर पाणी कमी आहे या वर्षी."

"असंल."

"एक माणूस म्हैस धुतोय."

"धू दे की."

मला त्याला बोलतं करायचं होतं आणि मला बोलायला येत नव्हतं. घरी बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "माफी मागा आणि मोकळे व्हा." मागितली. बुधवारी मुद्दाम त्याच्या घरी गेलो, शेवंतावहिनी आत गेल्यावर म्हणालो, "त्या दिवशी चुकलं माझं." तो म्हणाला, "कुठल्या दिवशी?" आणि रेडिओचा आवाज मोठा केला.

मग भैरोबाला परत जाऊ, असं मी ठरवलं. ठरवलं आणि होईना. मार्चमध्ये इलाहीच्या मुलीचं लग्न. त्यानंतर माझा गुडघा सुजला, डॉक्टरांनी तीन आठवडे सायकल बंद केली. बरा झालो तर हिंदुरावच्या सुनेच्या माहेरी कार्य निघालं. दरवेळी मी म्हणायचो, "या रविवारी नक्की." तो म्हणायचा, "बघू की." तो रागावला असता तर एक वेळ बरं झालं असतं. पण तो रागावलाही नव्हता. नेहमीसारखा हसायचा, चहा प्यायचा, गोष्टी सांगायचा. फक्त विचारायचा नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो, दोघंच. प्रभाताईंना मी मुद्दाम सांगितलं नाही. पहाटे पाचला त्याच्या दारात सायकल नेऊन उभी केली. वहिनींनी त्याच्या बुटाच्या नाड्या बांधल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सावकाश जावा, भावजी. आभाळ आलंय."

आभाळ होतं. वळवाचं, खाली आलेलं. ऊन नव्हतं तेवढं एक चांगलं होतं. खैरवाडी गेली, घाट सुरू झाला. मी मनात मोजत होतो. पहिलं. दुसरं. मागून श्वास ऐकू येत होता, नियमानं, जोराचा. चौथ्या वळणाला मी बाहेरून काढली. मागून काहीच आलं नाही. मला वाटलं होतं, निदान "हां" तरी येईल.

सातव्या वळणावर आम्ही थांबलो नाही. मी तिकडं बघितलंही नाही.

नवव्याला गुडघा बोलायला लागला. "हिंदुराव, गुडघा दुखतोय माझा," मी म्हणालो.

"थांबूया?"

"नको. सांगितलं फक्त."

"मग तू जरा हलका बस. मी लावतो."

त्यानं लावला. चौसष्ट वर्षांचा माणूस, दिसत नाही, आणि मागून त्यानं ती सायकल अशी ढकलली की माझे पाय नुसते पेडलबरोबर फिरत गेले. दहावं. अकरावं. मग घंटा ऐकू आली, वाऱ्यानं हलणारी.

यात्रा होऊन गेली होती, वर कुणी नव्हतं. गुरवाच्या खोपटाला कडी होती. मी सायकल कट्ट्याला टेकवली आणि त्याला हाताला धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. पायऱ्या तो आपला आपण चढला. गाभाऱ्यात त्यानं भिंतीला हात लावून बघितलं, जुना चुना होता, बोटांना लागला. रंगाबद्दल त्यानं काही म्हटलं नाही आणि मीही नाही.

बाहेर येऊन आम्ही चौथऱ्याच्या काठावर उभे राहिलो. खाली सगळं पसरलेलं होतं. आता सांगायचं, मी मनाशी म्हणालो. यासाठी तर आलो होतो. दोन महिने मी तयारी करत होतो म्हणा ना. पण समोरचं सगळं मळभात राखेच्या रंगाचं झालं होतं, कडा पुसलेल्या होत्या, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. त्या दिवशी काही दिसत नसताना धबधब्यासारखं बोललो होतो. आज दिसत होतं तर जीभ टाळ्याला चिकटली होती. मला माझीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

"दम खा आधी," हिंदुराव म्हणाला.

मी बाहीनं डोळे पुसले.

मग तोच बोलायला लागला. हात लांब करून म्हणाला, "ती बघ मिरज. यात्रेला गाडी लावली की मी हितंच हुबा राहायचो, बिडी वडत. डेपो दिसायचा न्हाई, पण टाकी दिसायची, आणि टाकीच्या अंगानं डेपो कुठं असंल त्ये मी ओळखायचो. त्याच्या अलीकडं आमची शाळा. आणि तिकडं, असं, नदी."

ऊन नव्हतं, त्यामुळं त्याला दिशा लागली नव्हती. तो बोट दाखवत होता ते भलतीकडंच, उघड्या माळाकडं. तिथं दोन-चार पवनचक्क्या होत्या आणि त्यांच्यापलीकडं काही नव्हतं. मिरज त्याच्या खांद्याच्या पार मागं राहिली होती.

तो सांगत राहिला. स्टँड, सिनेमाचं थिएटर, सासुरवाडी. सुखानं सांगत होता. मी "हो" म्हटलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं. हे एक तो मोजून ओळखू शकत नव्हता.

मी त्याच्या लांब केलेल्या हाताचं मनगट धरलं. तो बोलायचा थांबला. मी त्याला हळूहळू फिरवलं, खैराच्या झाडापुढं फिरवलं होतं तसंच खांद्याला धरून, अर्धा वळसा, आणि त्याचं बोट टाकीवर आणून सोडलं.

"मिरज इथं आहे," मी म्हणालो. "मळभ आहे, नीट दिसत नाही. पण इथं आहे."

त्यानं तो हात तसाच धरून ठेवला. बोट थोडं वर केलं, थोडं खाली, जणू टाकी चाचपत होता.

"म्हंजे मगापासनं मी माळच दाखवतोय व्हय तुला?"

"हो."

"आणि तू आपला ऐकतोयस! मग आधी सांगायचं न्हाईस?"

"आत्ता सांगतोय की," मी म्हणालो.